हॉलिडे होमचा ब्रँड घडवताना लोगो शेवटी

सुट्टीसाठी घर भाड्याने द्यायचं ठरलं की पहिला फोन बहुतेकदा लोगो काढणाऱ्याला जातो. पाहुणा कोण हे ठरलेलं नाही, नाव अर्धवट, पण लोगो हवा. मग छपराची एक रेघ आणि खाली दोन लाटा असं काहीतरी हातात पडतं, जे आणखी शंभर घरांनाही चालून जाईल. हा क्रम उलटा केलेला बरा.

आधी स्वतः मुक्काम करा

एक रात्र पाहुण्यासारखी बॅग घेऊन जा. अंधार पडल्यावर पोहोचा, किल्ली शोधा, दिव्याचं बटण चाचपडा, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं ते बघा. काय आवडलं आणि काय खटकलं, दोन्ही वहीत लिहा. घर आधीपासून चालू असेल तर जुने रिव्ह्यू काढून बसा आणि लोकांनी आपणहून पुन्हा पुन्हा वापरलेला शब्द अधोरेखित करा. तुम्ही जाहिरातीत ‘आलिशान’ म्हणताय आणि पाहुणे ‘शांत’ लिहितायत, तर आलिशानपणाचा हट्ट सोडा.

आता एक वाक्य लिहा: घर कुणासाठी, आणि त्यांना इथे काय मिळतं. ‘लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी, जिथे काही फुटेल याची धास्ती नाही’ हे कामाचं वाक्य आहे. त्यावरून काचेचं टेबल काढायचं हे ठरतं, चादरी कसल्या घ्यायच्या हे ठरतं, दाराला वरची कडी हवी हेही ठरतं. ‘सर्वांसाठी आरामदायी मुक्काम’ यावरून एक खुर्चीसुद्धा निवडता येत नाही. घर कुणासाठी नाही, हेही खाली लिहा. तीन जिने चढावे लागत असतील तर ते आधीच सांगा. नाहीतर दमलेला पाहुणा ते रिव्ह्यूमध्ये सांगेलच.

नाव

कसोटी साधी आहे: फोनवर एकदा सांगितलेलं नाव पलीकडच्याला बिनचूक लिहिता आलं पाहिजे. घरं भाड्याने देण्या-घेण्याची साइट एअरबीएनबी २००८ साली ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’ या लांबलचक नावाने सुरू झाली; २००९ मध्ये ते आखूड केलं. हवेच्या गाद्यांपुरतं नाव पुढे अख्ख्या घरांना कसं पुरणार? तुम्हीही नावात खोल्यांची संख्या किंवा समोरचं दृश्य अडकवू नका. समोर उद्या इमारत उभी राहू शकते.

नाव आवडलं की लगेच पाटी रंगवू नका. वेबसाइटचा पत्ता आणि सोशल मीडियावरचं नाव मोकळं आहे का बघा, मग ट्रेडमार्कची नोंद तपासा. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे वर्ग पाडणाऱ्या ‘नीस’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तात्पुरत्या निवासाच्या सेवा ४३व्या वर्गात येतात, शोध तिथून सुरू करा.

फोटो आणि शब्द

बुकिंगच्या साइटवर पाहुण्याला तुमचा लोगो बहुधा दिसतच नाही. दिसतो पहिला फोटो, नाव आणि तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी. एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन यजमानांच्या घरांचे नीट फोटो स्वतः काढले आणि तिथली मिळकत वाढली, ती याचमुळे.

फोटो दिवसा काढा, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरा, दार-खिडक्यांच्या उभ्या रेषा सरळ ठेवा. अतिवाइड लेन्सने खोली मैदानाएवढी दिसते आणि दार उघडताच पाहुण्याचा चेहरा पडतो. बल्ब सगळे एकाच छटेचे घ्या. उबदार उजेड हवा असेल तर २७०० केल्विन (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप), आणि मग एका कोपऱ्यातही पांढराफटक बल्ब नको. पहिला फोटो तुमच्या वाक्याचा असावा. शांत घर म्हणताय तर पहिल्या फोटोत टीव्ही कशाला?

भाषेचंही तसंच. ‘धूम्रपान सक्त मनाई!!!’ अशी पाटी घराला सरकारी कचेरी करून टाकते. ‘सिगारेट फक्त मागच्या गॅलरीत, तिथे खुर्ची ठेवली आहे’ यात नियम तोच आहे.

रंग, अक्षरं आणि आता लोगो

एक मुख्य रंग, एक जोडीचा, बाकी पांढरट. रंग घरातूनच उचला: फरशी, दार, जुनं कपाट. त्यांचे कोड लिहून ठेवा. पडद्यावर रंग आरजीबी म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून बनतात आणि छपाईत सीएमवायके म्हणजे चार शाईंतून, त्यामुळे मोबाइलवर झळाळणारा हिरवा पाटीवर मळकट उतरू शकतो. आधी नमुना छापून बघा. मजकूर आणि मागचा रंग यांत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदपणातला फरक, असू द्या. फॉन्ट दोन पुरेत. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लागणार असेल तर ‘मुक्त’सारखा दोन्ही लिप्या असलेला फॉन्ट घ्या.

लोगो एका रंगात आणि नखाएवढ्या आकारातही ओळखू यावा. एसव्हीजी फाइल मागून घ्या, ती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत.

वस्तू

प्रत्येक टॉवेलवर नाव भरतकाम करू नका, ते हॉटेलचं सोंग वाटतं. किल्लीचा बिल्ला, वाय-फायचं कार्ड आणि घराची माहितीपुस्तिका एवढं पुष्कळ झालं. क्यूआर कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका आणि भोवती कोरी जागा सोडा.

शेवटी हे सगळं एका कागदावर आणा: ते वाक्य, रंगांचे कोड, फॉन्ट, दोन-तीन नमुना मेसेज. त्याची एक प्रत घर आवरणाऱ्या व्यक्तीला द्या आणि तयार खोलीचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उशा कशा लावायच्या, कुठला दिवा चालू ठेवायचा, पडदा किती उघडायचा, हे तिला दर वेळी फोन करून विचारावं लागणार नाही.