स्पार्टन योद्ध्यांवर कथा लिहिताना इतिहास कसा सांभाळावा

आधी साल ठरवा. नुसत्या ‘प्राचीन स्पार्टा’वर, म्हणजे त्या ग्रीक नगरराज्यावर, कथा उभी राहत नाही, कारण शंभर वर्षांत हा समाज पार आकसला. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या रणांगणावर स्पार्टाचे ५,००० पूर्ण नागरिक उतरले, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत ते जेमतेम ७०० होते आणि त्यातले ४०० पडले. त्या काळची कथा असेल, तर माणसं संपत चालल्याची धास्ती पात्रांच्या बोलण्यात आलीच पाहिजे.

मग साधनं लावून घ्या. हिरोडोटस, थ्युसिडिडीज आणि झेनोफन हे जुने ग्रीक इतिहासकार आधी वाचा, रोमन काळातला चरित्रकार प्लुटार्क शेवटी. प्लुटार्कने लिहिलं ते थर्मोपिलीनंतर (इ.स.पू. ४८०, तीनशे स्पार्टनांची पर्शियनांशी झालेली प्रसिद्ध लढाई) साडेपाचशेहून अधिक वर्षांनी. समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांत आपण जो फरक करतो, तोच इथेही करायचा. दुबळी अर्भकं टायगेटस डोंगरात टाकून देत, ही गोष्ट त्याच्याकडूनच आली आहे. ती वापरायचीच असेल तर ऐकीव म्हणून वापरा, डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग म्हणून नको. देवळात प्रेक्षक बसवून मुलांना फटके मारण्याचा सोहळा तर रोमन काळातला आहे.

शस्त्रांत सर्वाधिक चुका होतात. ढाल गोल, सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची, लाकडी, वरून काशाचा पातळ पत्रा. वजन ६ ते ८ किलो. हात मधल्या पट्ट्यातून कोपरापर्यंत आत जातो आणि मूठ कडेजवळची दोरी धरते. त्यामुळे ती गरगर फिरवता येत नाही, भिरकावता तर नाहीच. भाला दोन ते अडीच मीटरचा, मागच्या टोकाला काशाचा अणकुचीदार खिळा. पुढचं पातं तुटलं तर तोच कामी येतो. तलवार आखूड. उघड्या छातीने योद्धा रांगेत उभा करू नका, इ.स.पू. ४८० मध्ये अंगावर काशाचं किंवा जाड कापडी चिलखत हवं. प्रत्येक ढालीवर लॅम्डा हे ग्रीक अक्षर रंगवण्याचे पुरावे पाचव्या शतकाच्या अखेरचे आहेत, म्हणून थर्मोपिलीत प्रत्येकाचं चिन्ह वेगळं दाखवा. तेव्हाचं शिरस्त्राण कानही झाकत असे. ऐन लढाईत लांबलचक संवाद घातलेत, तर ते ऐकणार कोण?

लढाईची सकाळ क्रमाने लिहा. लांब केस विंचरणं, आर्टेमिस देवीला शेळीचा बळी, मग बासरीवाल्यांच्या तालावर संथ चाल. धावत सुटलं की रांग फुटते, म्हणून ही चाल मुद्दाम संथ, असं मँटिनियाच्या लढाईबद्दल (इ.स.पू. ४१८) थ्युसिडिडीज सांगतो. त्याने टिपलेली आणखी एक गोष्ट कथेत सोन्यासारखी वापरता येईल: उघडी उजवी बाजू झाकायला प्रत्येक जण शेजाऱ्याच्या ढालीकडे सरकतो आणि अख्खी फौज हळूहळू उजवीकडे कलते.

आता हेलॉट. शेतं कसणारे, बांधलेले हे लोक वगळले की कथा खोटी पडते. प्लाटियाला प्रत्येक स्पार्टनामागे सात हेलॉट होते. थर्मोपिलीतही होते. डोळे आल्याने आजारी पडलेल्या युरिटसने चिलखत मागवलं आणि हेलॉटला आपल्याला लढाईत न्यायला सांगितलं. त्याला तिथवर पोहोचवून हेलॉट पळाला, युरिटस मेला. ही नोंद हिरोडोटसची. त्या हेलॉटच्या नजरेतून कुणी लिहीत कसं नाही, याचं नवल वाटतं. तीनशे स्पार्टनांच्या बरोबरीने थेस्पिया या ग्रीक नगराचे ७०० जणही शेवटपर्यंत थांबले, तेही गाळू नका.

जेवणाची पंगत हा शेवटचा टप्पा. बटाटा, टोमॅटो, मका तिथे नसणार. प्रौढ नागरिकाने दर महिन्याला सामुदायिक भोजनगटात सातूचं पीठ, वाइन, चीज आणि अंजिरांचा वाटा भरायचा असे. तो भरता आला नाही, तर पूर्ण नागरिकत्व जायचं. कथानकाला पेच हवा असेल तर तो इथे शोधा: पीक बुडालेला, कर्जात अडकलेला, चाळिशीचा कसलेला योद्धा आणि उद्या भरायचा वाटा.