पोट सुटलेल्या पेशंटचा अशक्तपणा सीटीत कसा पकडायचा

व्हीलचेअरवर आलेला पेशंट अशक्त आहे, हे वॉर्डबॉयलाही कळतं. फसवतात ते अंगाने भरलेले. आमच्याकडे पावसाळ्यात एक शेतकरी काका आले होते: वय ६८, वजन ७४ किलो, उंची १६६ सेंटिमीटर. मुलगा म्हणाला, "अण्णांना केमो सहज झेपेल, बघा ना तब्येत."

अंगात स्नायू किती आहेत हे बघायला वेगळी तपासणी लागत नाही. कॅन्सर किती पसरलाय हे बघायला केलेला स्टेजिंगचा सीटी झालेलाच असतो, त्यातला कमरेचा तिसरा मणका, एल-३, शोधा. खालून सेक्रमपासून, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडापासून मोजा, मग वरून बाराव्या बरगडीपासून ताळा घ्या. एका बाईंना कमरेचे सहा मणके होते. मी फक्त खालून मोजले आणि एक घर चुकलो. दोन्ही ट्रान्सव्हर्स प्रोसेस, म्हणजे मणक्याची बाजूला निघालेली टोकं, स्पष्ट दिसतील ती स्लाइस (आडवा छेद) घ्या.

आता उणे २९ ते अधिक १५० हौन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं माप) एवढी रेंज लावा, म्हणजे स्नायू निवडले जातात. इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढ्यावर भागतं. सोआस (मणक्याला लागून असलेला स्नायू), पाठीचे आणि पोटाच्या भिंतीचे स्नायू ठेवा. आतडंही याच रेंजमध्ये घुसतं, ते हाताने पुसा. घाई इथेच नडते. आलेल्या चौरस सेंटिमीटरांना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. काकांचे ११२ भागिले २.७६, म्हणजे ४०.६. कॅनडातल्या पेशंटांवरून २०१३ साली ठरलेली रेघ जाड पुरुषांसाठी ५३ आहे, त्याखाली स्नायू कमी धरतात. आपल्याकडची अंगकाठी मुळात बारीक, त्यामुळे ती रेघ डोळे झाकून लावू नका.

स्नायूचा रंगही बघा. काकांच्या पाठीच्या स्नायूत चरबीच्या काळ्या रेषा होत्या, शिळ्या भाकरीला भेगा पडाव्यात तशा. अशा स्नायूचं सरासरी हौन्सफील्ड खाली येतं. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाने तोच आकडा वर जातो, म्हणून फेज, म्हणजे सीटी कॉन्ट्रास्टच्या कोणत्या टप्प्यात काढला ते, लिहून ठेवा.

एवढ्यावर 'फ्रेल' (अशक्त) लिहून मोकळे होऊ नका. सीटी स्नायू दाखवतो, चाल दाखवत नाही. काकांना हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला लावलं. २०१९ च्या आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शारीरिक कार्यक्षमता कमी धरली आहे. काकांना १९ लागले, चौथ्या वेळी त्यांनी मांडीवर हात टेकला. मुलगा गप्प झाला.

रिपोर्टमध्ये स्लाइसचा नंबर, फेज, क्षेत्रफळ आणि उंची चारही लिहा. तीन महिन्यांनी पुढचा सीटी येईल तेव्हा ड्यूटीवर दुसरंच कुणीतरी असेल.