‘त्यांना बीपी आहे हो!’ : परक्याच्या गैरवर्तनावर आजाराचे पांघरूण घालण्याआधी

संध्याकाळी सहाच्या सुमारास स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळणे हा योगच म्हणायचा. अशाच एका संध्याकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले पन्नाशीचे एक गृहस्थ खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या सीटवर त्यांनी लॅपटॉपची बॅग ठेवली होती. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेल्या एका आजींनी ‘‘जरा बॅग उचलता का?’’ एवढेच विचारले, तर ते गृहस्थ असे ओरडले की पुढच्या दारापर्यंतच्या माना वळल्या. आजींचे वय, त्यांच्या पिशव्या, ‘‘या वयात घरी बसायला काय होतं?’’ इथपर्यंत सगळे काढून झाले. मग मागच्या सीटवरून एक समजूतदार आवाज आला, ‘‘जाऊ द्या हो आजी, त्यांना बीपीचा त्रास असेल. आपण समजून घ्यायचं.’’ आजी उभ्या राहिल्या आणि बॅग बसून राहिली.

मागून बोलणाऱ्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हते, हे मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. निदान त्या गृहस्थांचे झाले आणि पथ्य आजींना लागले. ‘समजून घ्या’ हे आपल्याकडे ज्याला त्रास झाला त्यालाच सांगितले जाते. ज्याने त्रास दिला त्याला ते ऐकवायची हिंमत कोणी करत नाही, आणि ती हिंमत नसल्याची लाज झाकायला बीपी, शुगर, पित्त किंवा ‘घरी काहीतरी टेन्शन असेल’ हे शब्द फार सोयीचे पडतात. अशा वेळी नेमके काय पाहावे, काय बोलावे आणि काय बोलू नये, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. समोरचा आजारी असेल अशी शंका आली तर आपला आवाज खाली यावा, आपली मागणी मात्र खाली येऊ नये, हे सूत्र धरूनच पुढचे सगळे वाचावे.

सर्वांत आधी: हा खरोखरच वैद्यकीय प्रसंग आहे का?

काही वेळा जे उद्धटपणासारखे दिसते ते शरीराचे संकट असते, आणि तिथे क्षमा करण्याचा किंवा न करण्याचा प्रश्नच येत नाही, मदत करण्याचा येतो. काही वर्षांपूर्वी टिळक रस्त्याजवळच्या एका अमृततुल्यापाशी रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला एक माणूस गिऱ्हाइकांना ढकलत होता, अडखळत शिव्या देत होता आणि त्याच्या हातातली नाणी पुन्हापुन्हा खाली पडत होती. ‘‘सकाळीच लावून आलाय,’’ असे कोणीतरी म्हणाले आणि चहाचा ग्लास घेऊन लांब सरकणाऱ्यांत मीही होते. दुकानाच्या मालकांनी मात्र पाहिले, की डिसेंबरच्या थंडीत या माणसाच्या कपाळावरून घाम निथळतो आहे. त्यांनी त्याला बाकावर बसवले आणि पाण्यात तीन चमचे साखर ढवळून तो पेला स्वतः धरून त्याला पाजला. पंधरावीस मिनिटांनी तो माणूस ओशाळून आपली सायकल कुठे आहे ते विचारू लागला आणि खिशातून मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवू लागला. औषध घेतले होते, न्याहारी राहिली होती.

रक्तातली साखर दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली की घाम, थरथर, चिडचिड आणि गोंधळ ही लक्षणे दिसू लागतात, आणि ती आणखी घसरली तर बोलणे दारू प्यायल्यासारखे जड होते. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटे थांबून फरक पडला नाही तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न ओतता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अपस्माराचाही एक प्रकार असा असतो की माणूस खाली पडत नाही, झटके येत नाहीत; तो शून्यात पाहत राहतो, ओठांची चाळवाचाळव करतो, शर्टाच्या गुंड्या चाचपतो आणि विचारलेल्याला उत्तर देत नाही. हे बहुधा एकदोन मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ त्याला आवळून धरू नये, फक्त रस्त्याच्या कडेपासून किंवा बसच्या दारापासून हलक्या हाताने बाजूला ठेवावे. पूर्ण झटका आलाच, तर कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला तर रुग्णवाहिका मागवावी. चप्पल किंवा कांदा हुंगवण्याने काही होत नाही आणि दातांत चमचा घालण्याने दात मोडतात. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे एकाएकी अस्पष्ट झाले, तर पक्षाघात समजून एक मिनिटही घालवू नये.

पक्षाघात सोडला तर बाकीच्यांत समान धागा असा, की माणसाला आपण कुठे आहोत आणि समोर कोण आहे याचे भान बहुधा सुटलेले असते. बसमधल्या गृहस्थांना ते पुरेपूर होते. कंडक्टर तिकिटासाठी आले तेव्हा त्यांनी अगदी मऊ आवाजात ‘‘एक बालाजीनगर’’ म्हटले होते. ज्याचा राग पिशव्या धरलेल्या बाईवर चढतो आणि अधिकार असलेल्या माणसापाशी उतरतो, त्याच्या रागाचे कारण डॉक्टरकडे शोधण्याची घाई नसावी. तरीही ही कसोटी शंभर टक्के लागू पडते असे मी म्हणणार नाही, कारण दिवसभर बाहेर स्वतःला आवरून धरणारी आणि थकल्यावर फुटणारी आजारी माणसेही असतात. एवढेच, की कसोटीचा निकाल काहीही लागला तरी आजींना बसायला जागा हवीच असते.

लांबून निदान करू नये

बीपीचेच घ्या. वाढलेल्या रक्तदाबाला बहुतेकांच्या बाबतीत काहीच बाह्य लक्षण नसते, म्हणून तर तो तपासावा लागतो. रागाने रक्तदाब काही वेळापुरता चढतो हे खरे, पण चढलेला रक्तदाब माणसाच्या तोंडी शिव्या घालतो हे काही खरे नाही. आपल्या भाषेनेच आपल्याला ही सवय लावली असावी: आपले पित्त खवळते, डोके फिरते, तोल जातो, आणि राग हा जणू आपण केलेला नसून आपल्याला झालेला असतो.

हल्ली यात नव्या शब्दांची भर पडली आहे. बायपोलर, ऑटिझम, एडीएचडी ही नावे आता सोसायटीच्या पार्किंगमधल्या भांडणातही ऐकू येतात. शिव्या देणारा माणूस दिसला की ‘तो टुरेट नावाचा आजार असेल’ असे म्हणणारेही भेटतात. त्या आजारात अनैच्छिक हालचाली आणि आवाज असतात, अपशब्द निसटण्याचे लक्षण थोड्याच रुग्णांत आढळते, आणि ते शब्दही बहुधा उचकीसारखे सुटे येतात. समोरच्याचे वय काढून त्याला घरी बसायला सांगणारे मुद्देसूद भाषण त्यातून निघत नाही.

निदानाचे ज्यांना शिक्षण आहे ते याबाबतीत आपल्यापेक्षा सावध असतात. १९६४ साली अमेरिकेतील एका मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक प्रकृतीविषयी मनोविकारतज्ज्ञांची मते मागवली आणि हजाराहून अधिक तज्ज्ञांनी, त्यांना कधीही न तपासता, ते या पदासाठी अपात्र असल्याचे कळवले. गोल्डवॉटर यांनी मासिकावर खटला भरला आणि तो जिंकला. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, स्वतः तपासल्यावाचून आणि परवानगीवाचून कोणाविषयीही जाहीर मत देऊ नये, असा नियम केला.

लांबून केलेल्या निदानाचा मार आणखी एका जागी बसतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणावर ओरडत नाहीत, कोणाला मारत नाहीत. उलट त्यांनाच लोकांकडून त्रास होण्याची शक्यता अधिक असते. गोळ्या वेळेवर घेऊन, दाटीवाटीत घाबरूनही गप्प उभा राहणारा एखादा प्रवासी त्याच बसमध्ये असतो, आणि ‘आजारी असेल म्हणून असा वागतो’ हे वाक्य त्याच्याही कानांवर पडते.

शिवाय ही सहानुभूती सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. इस्त्रीच्या शर्टाला बीपी मिळतो, रंगाच्या डागांना दारू मिळते. वनाज ते रामवाडी मेट्रोत दारांच्या आवाजाने कानांवर हात ठेवून किंचाळणारे मूल असेल, तर तिथे आजार कोणालाच सुचत नाही, ‘आईने लाडावून ठेवलंय’ हे मात्र लगेच सुचते. आपल्या मनात एखाद्याविषयी आजाराची शंका आली, की याच जागी वेगळ्या कपड्यांतला माणूस असता तर ती आली असती का, हे स्वतःला विचारून पाहावे. मी विचारते तेव्हा उत्तर पुष्कळदा नको ते येते.

बोलावे कसे

वाक्य एक असावे, मागणी एक असावी आणि ती हाताने करता येण्यासारखी असावी. ‘‘साहेब, बॅग मांडीवर घ्या, आजींना बसायचंय.’’ ‘‘दादा, मोबाईलला इअरफोन लावा.’’ ‘‘काका, रांग तिकडून आहे.’’ यात ‘का’ नाही, ‘तुम्हाला कळत नाही का’ नाही, शिक्षणाचा किंवा संस्कारांचा उल्लेख नाही. पुणेरी खोचक वाक्य जिभेवर आलेले असते हे मला ठाऊक आहे, तरी ते गिळावे. टोमण्याने भांडण जिंकता येते, जागा मिळत नाही.

या पद्धतीचा मोठा फायदा असा, की समोरचा निव्वळ उर्मट असो किंवा खरोखर आजारी, वाक्य बदलावे लागत नाही. ऑटिझम असलेल्या व्यक्तीला आडवळणाचे बोलणे आणि टोमणे कळायला अवघड जातात, थेट आणि छोटे वाक्य सोपे जाते. ज्याला कमी ऐकू येते म्हणून तो मोठ्याने बोलतो, त्याला समोर येऊन सावकाश सांगितलेले समजते. घाबरलेल्या माणसाला भोवतालचे कोंडाळे आणि खांद्यावर पडलेला हात नको असतो. म्हणून एकानेच बोलावे, हातभर अंतर ठेवावे, स्पर्श करू नये, आणि सांगून झाल्यावर टक लावून न पाहता दहावीस सेकंद द्यावेत.

‘‘तुम्हाला काही त्रास होतोय का?’’ हा प्रश्न चांगला आहे, पण तो खरोखर मदतीसाठी विचारायचा असेल तरच. तोच प्रश्न चारचौघांत वेगळ्या सुरात विचारला, की त्याची शिवी होते. ‘सायको’ आणि ‘वेडा’ हे शब्द तर रागातही वापरू नयेत.

मोबाईलवर चित्रण करण्याचा मोह होतो. मारहाण चालू असेल तर पुरावा म्हणून ते उपयोगी पडते. एरवी ती क्लिप संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फिरते, आणि तो माणूस आजारी निघाला तर ती परत बोलावता येत नाही.

कोणी अंगाला हात लावत असेल, पाठलाग करत असेल किंवा मारण्यावर आला असेल, तर वरचे सौजन्य बाजूला ठेवावे. तिथे कारणे शोधत बसू नये. कंडक्टरला बस थांबवायला सांगावी आणि ११२ वर फोन करावा. कायदाही इथे आजाराच्या नुसत्या नावावर थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये, आणि त्याआधी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये, सूट आहे ती कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चुकीचे आहे हे समजण्याची क्षमताच नसलेल्या व्यक्तीला, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मागच्या सीटवरच्या माणसाने तो बचाव फुकटात मांडण्याचे कारण नाही.

आजार आहे असे कोणी सांगितले तर

सोबतच्या व्यक्तीने ‘‘बाबांना विस्मरणाचा आजार आहे’’ असे सांगितले, तर विश्वास ठेवावा आणि कागद मागू नये. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असताना आधी बोलण्याचा संयमच जातो, आणि आयुष्यभर अदबीने वागलेला माणूस साठीच्या आतबाहेर परक्या बाईला वाटेल ते बोलून जातो; घरच्यांना त्याची जी लाज वाटते ती आपण आणखी वाढवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराविषयीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, त्यामुळे औषधे आणि डॉक्टर यांची चौकशीही अनाठायीच. ‘‘काय केलं तर बरं पडेल?’’ एवढे विचारावे.

आजारी माणसाचे आपण नातेवाईक असलो, तर कारण आणि माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवून दोन्ही द्याव्यात. ‘‘ते आजारी आहेत, पण तुम्हाला लागलं असेल, मी माफी मागते,’’ असे म्हणणाऱ्या मुलीपुढे भांडायला कोणी उरत नाही. घरी हे रोजचे झाले असेल आणि कोणाशी बोलावे ते कळत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे.

त्या संध्याकाळी मी काय केले तेही सांगायला हवे. लक्ष्मीनारायणचा स्टॉप येईपर्यंत मी काहीच केले नाही, कारण बीपीचे ऐकून मलाही हायसे वाटले होते. मग उठून मी त्या गृहस्थांना म्हटले, ‘‘बॅग मांडीवर घ्या, आजींना बसायचंय.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले, काहीतरी पुटपुटले आणि बॅग उचलली. आजी बसल्या आणि दोन्ही पिशव्या त्यांनी पायांशी घेतल्या. पद्मावतीपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. तिथे बसने जोरात ब्रेक मारला, एका पिशवीतले टोमॅटो घरंगळत गृहस्थांच्या बुटांपर्यंत गेले, आणि त्यांनी वाकून, एकेक करून, ते आजींच्या पिशवीत टाकले.