वेगळे झालात तरी मूल दोघांचं: फोनवर घडी कशी बसवायची

आमची लेक आठ वर्षांची. आम्ही वेगळे झालो त्याला तीन वर्षं होतील आता, आणि पहिलं वर्षभर आमचे निरोप तीच पोचवायची. "बाबाला सांग व्हॅनचे पैसे राहिलेत", "आईला सांग शनिवारी उशीर होईल." एका रविवारी संध्याकाळी तिचा बाबा तिला पोचवून गेला, ती सोसायटीच्या गेटपाशी दप्तर घेऊन उभी, आणि चपला काढायच्या आधीच मला म्हणाली, "आई थांब, आधी निरोप सांगते, नाहीतर विसरेन." चेहरा इतका टेन्शनमध्ये की मला रडूच आलं. त्या रात्री ठरवलं, हे बंद.

तर पहिलं काम, मुलासाठी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, दोघांचाच. जुन्या पर्सनल चॅटवर नको, तिथे वर स्क्रोल केलं की जुनी भांडणं दिसतात आणि मग साध्या डब्याच्या मेसेजला पण तोच वास येतो. ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये डॉक्टरांचा नंबर, ब्लड ग्रुप, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते लिहून ठेवा, शाळेचं टाइमटेबल पिन करा (पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहतं, मग परत करायचं). डिसअपिअरिंग मेसेज (म्हणजे आपोआप पुसले जाणारे) बंद ठेवा. आणि आजी-आजोबा, मावशी, आत्या कुणालाच यात घेऊ नका, कितीही जवळचे असले तरी.

कोण कधी नेणार हे चॅटवर ठरवायचंच नाही, ते गूगल कॅलेंडरवर. नवीन कॅलेंडर बनवून सेटिंग्जमध्ये समोरच्याचा ईमेल टाकायचा आणि बदल करायची परवानगी पण द्यायची, कॉम्प्युटरवरून केलं तर सोपं जातं. त्याचे दिवस एका रंगात, माझे दुसऱ्या. गणपती कुणाकडे, दिवाळी कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची हे आम्ही जूनमध्ये शाळा सुरू होतानाच भरून टाकतो, कारण सणाच्या आदल्या दिवशी ठरवायला बसलं की भांडण ठरलेलंच. कोर्टाची ऑर्डर किंवा कन्सेंट टर्म्स (दोघांनी कोर्टात दिलेली लेखी तडजोड) असतील तर तारखा त्यातल्याच टाका, कॅलेंडर म्हणजे ऑर्डर नव्हे.

आता मेसेज कसा लिहायचा, कारण खरी गोची इथेच आहे. मी आधी लिहायचे, "यावेळी तरी वेळेवर येशील का, मागच्या वेळी तिचा इनहेलरचा पंप पण तिकडेच राहिला, तुला काही पडलेलीच नसते." उत्तर यायचं ते पण तसंच, आणि पंप राहायचा बाजूलाच. आता लिहिते, "शनिवारी 5 वाजता गेटपाशी. पंप आणि स्पेसर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. रात्रीचा डोस द्यायचाय." बास. एका मेसेजमध्ये एकच विषय, वेळ आकड्यात, आणि "नेहमी", "कधीच" हे शब्द नाहीत. राग आलाच तर तो मेसेज आधी स्वतःच्याच चॅटवर पाठवा, चहा करून या, मग वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंत एडिट होतो खरा, पण समोरच्याने एका मिनिटात वाचलेला असतो.

पैशाचं म्हणाल तर फी, डॉक्टर, क्लास असं यूपीआय करताना नोटमध्येच लिहायचं, आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. लसीकरणाचं कार्ड, आधार, मार्कशीट एका शेअर्ड ड्राइव्ह फोल्डरमध्ये.

अमेरिकेत असाल तर तिकडे अवर फॅमिली विझार्ड नावाचं खास अ‍ॅप आहे, 2001 पासून चालू आहे, पाठवलेला मेसेज डिलीट करता येत नाही, टोन कडक झाला तर सांगतं, आणि काही वेळा कोर्टच ऑर्डरमध्ये ते वापरा म्हणतं. पैसे लागतात. इथे आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप आणि कॅलेंडर पुरतं.

केस चालू असेल तर चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर अवलंबून राहू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं, वकिलांना आधीच विचारा.

आणि हे सगळं फक्त जिथे बोलणं सुरक्षित आहे तिथेच. मारहाण, धमक्या, पाळत असेल तर ग्रुप-बिप काही नको, वकिलांमार्फतच बोला, मुलाच्या फोनचं लोकेशन शेअरिंग तपासा, आणि गरज पडली तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

मुलाचा व्हिडिओ कॉल मात्र मोकळा सोडा. आमच्याकडे रोज साडेसातला बाबाचा कॉल येतो, मी फोन टेबलावर उभा करून देते आणि कुकर लावायला आत जाते. मागे उभं राहून ऐकायचं नाही, नंतर "काय म्हणाला" विचारायचं नाही. परवा कॉल संपल्यावर ती स्वतःच आत आली आणि बाबाने कासवाची गोष्ट सांगितली म्हणाली, निरोप काहीच नव्हता.