नवी-जुनी डिस्क विंडोजला दिसत नाही? या चुका टाळा

डिस्क बसवली, मशीन सुरू केलं आणि 'धिस पीसी'मध्ये तिचा पत्ताच नाही. मग कुणी विंडोज पुन्हा टाकायला बसतो, कुणी डिस्क बाद समजून दुकान गाठतो. त्याआधी एकच गोष्ट बघा: बायॉसला (विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची मूळ व्यवस्था) ती दिसते का? मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा (काही लॅपटॉपवर एफ१० किंवा एस्केप) आणि स्टोरेजच्या यादीत तिचं नाव शोधा. तिथेही नसेल, तर बहुधा केबल, स्लॉट, पॉवर किंवा डिस्क यांपैकी कुठेतरी गडबड आहे. ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे असेल, तर कॅबिनेट उघडायची सहसा गरज पडत नाही.

कोरी डिस्क 'धिस पीसी'त दिसत नाही, हा बिघाड नव्हे. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती 'नॉट इनिशिअलाइज्ड' (वापरासाठी अजून तयार न केलेली) म्हणून पडलेली सापडेल. इनिशिअलाइज करताना डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत, जीपीटी, निवडा, कारण एमबीआर या जुन्या पद्धतीत साधारणपणे २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. नंतर 'अनअलोकेटेड' पट्ट्यावर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करा. झालं काम.

पण हेच जुन्या, भरलेल्या डिस्कवर कधीही करू नका. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. डिस्क लावताच विंडोज विचारतं, 'फॉरमॅट करायची का?', आणि घाईत हो म्हटलं जातं. वर्षानुवर्षांचे फोटो त्या एका क्लिकमध्ये अडकलेले असतात. ती डिस्क कदाचित लिनक्सवर किंवा मॅकवर वापरलेली असेल. लिनक्सची एक्स्ट४ किंवा मॅकची एपीएफएस ही फाइल-मांडणी विंडोजला आपणहून वाचता येत नाही, पण आतला डेटा शाबूत असू शकतो. कधी फक्त ड्राइव्ह लेटर (डी:, ई: असं अक्षर) गेलेलं असतं. डिस्क मॅनेजमेंटमधून ते परत देता येतं. 'रॉ' (म्हणजे फाइल-मांडणी विंडोजला ओळखता आली नाही) असं दिसलं तर कॅन्सल करा आणि चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधनही चालवू नका; आधी डेटा बाहेर काढा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तिला परत परत चालू करून बघणं थांबवा.

एम.२ एसएसडी (मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी पट्टीसारखी डिस्क) घेताना नुसता आकार बघून फसू नका. साटा आणि एनव्हीएमई या दोन जोडणी-पद्धतींच्या पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच, पण काही स्लॉट दोन्हींपैकी एकच घेतात. शिवाय काही मदरबोर्डवर एम.२ बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो आणि जुनी हार्ड डिस्क अचानक गायब होते. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं, एवढं पान तरी वाचाच.

बाहेरून लावायच्या डिस्कला हब आणि लांबलचक केबल नको. वीज कमी पडू शकते: यूएसबी २.० पोर्टवर ५०० मिलिअँपिअरचीच हमी असते. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट लावा. केबल फक्त चार्जिंगची नाही ना, तेही बघा.

इंटेलच्या ११व्या पिढीच्या किंवा त्यानंतरच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकताना ड्राइव्हची यादीच रिकामी येते. बायॉसमध्ये व्हीएमडी (इंटेलची स्टोरेज सांभाळणारी सोय) चालू असतं म्हणून. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर' करा. चालत्या विंडोजवर मात्र व्हीएमडी बंद करू नका, मशीन बूटच होणार नाही. केलंच असेल तर घाबरून फॉरमॅट मारू नका. बायॉसमध्ये जाऊन ते परत चालू करा.