परदेशातल्या शेफचा लव्हस्टोरी पिक्चर: लोकांची मतं कशी वाचायची अन् आपलं कसं द्यायचं

अशा पिक्चरबद्दल नेटवर मतं शोधायला गेलं की फिरून फिरून दोनच वाक्यं सापडतात. एक, "मस्त टाइमपास, फॅमिलीसोबत पाहा". दुसरं, "स्टोरी प्रेडिक्टेबल आहे, शेवट आधीच कळतो". दोन्ही आपल्या काही कामाची नाहीत. लंडनमधला चिडका शेफ आहे अन् त्याच्या जेवणात खोट काढणारी एक बाई आहे म्हटल्यावर पुढं काय होणार हे आमच्या आजीला पोस्टर पाहूनच कळते, त्यासाठी कोणाचं मत वाचायची गरज नाही. शेवट माहीत असूनही दोन तास बसवत असेल तरच तो पिक्चर चांगला, म्हणून मत वाचताना शेवटाबद्दल लिहिलेलं सगळं सोडून द्यायचं अन् मधल्या रस्त्याबद्दल कोण काय म्हणते ते शोधायचं.

आता तुम्ही म्हणाल एवढी चौकशी कशाला, लावून पाहावं. शहरात चालते तसं. आमच्या इकडे कापूस घरात आल्यावर कुठं सगळे एका रात्री मोकळे सापडतात, त्यात लाइन राहील का नाही त्याचा भरवसा नाही, टॉवर एकच कांडी दाखवते, अन् एचडीत एक पिक्चर पाहायचा तर दिवसाचा दोन जीबीचा पॅक त्यातच संपून जातो. म्हणून निवड आधी करायची, पिक्चर तालुक्याला गेल्यावर नेट असते तिथं डाउनलोड करून आणायचा, मग घरी लावायचा. डाउनलोड केलेल्याची पण मुदत असते बरं का, काही दिवसांनी तो आपोआप बंद पडतो, तर फार आधीही आणून ठेवू नका.

आकड्यांचं एकदा नीट समजून घ्या, कारण इथं बरेच जण फसतात. आयएमडीबी नावाच्या पिक्चरच्या वेबसाइटवर जो आकडा दिसतो तो १० पैकी असतो, साध्या प्रेक्षकांनी दिलेल्या मार्कांवरून काढलेला. रॉटन टोमॅटोज ही दुसरी वेबसाइट, तिथं टक्के असतात अन् ते मार्क नाहीत. तिथं ९० टक्के म्हणजे १०० समीक्षकांपैकी ९० जणांना पिक्चर चालण्यासारखा वाटला, एवढंच. कोणाला लय आवडला का जेमतेम आवडला हे त्यात येत नाही. ६० टक्के किंवा वर गेलं की लाल टमाट्याचं चित्र दिसते, खाली राहिलं की हिरव्या फुटलेल्याचं. हलक्याफुलक्या पिक्चरला हा हिशेब फार फायद्याचा असतो, कारण छान लोकेशन, छान जेवण, गोड जोडी असलं की त्याला वाईट कोणी म्हणत नाही, सगळे "ठीक आहे" म्हणतात अन् सगळ्यांचं "ठीक आहे" मिळून टक्के वर जातात. म्हणून टक्के पाहून घरच्यांना बोलावू नका. मधले मार्क दिलेल्या लोकांनी काय लिहिलं ते वाचा. जिथं पाच पैकी स्टार देतात तिथं एक स्टार देणारा चिडलेला असतो, पाच देणारा हिरोचा फॅन असतो, तीनवाला खरं बोलते असा माझा अनुभव आहे.

मत वाचताना पहिला प्रश्न, हा माणूस कोणासोबत बसून पाहत होता? एकट्यानं हेडफोन लावून पाहणाऱ्याचं मत सासू-सुनेच्या अन् लेकरांच्या मधात बसून पाहणाऱ्याच्या कामाचं नसते. दुसरा, त्याला पाहायचं काय होतं? सचिन कुंडलकरांचा 'गुलाबजाम' घ्या, २०१८ चा. त्यात उलटं आहे, पोरगा लंडनमधली नोकरी सोडून पुण्यात येतो मराठी स्वयंपाक शिकायला, कारण त्याला तिकडं मराठी जेवणाचं हॉटेल काढायचं आहे, अन् शिकवणारी बाई म्हणजे सोनाली कुलकर्णी. दोघांच्या नात्याला सरळ लव्हस्टोरी म्हणता येत नाही. आता लव्हस्टोरी समजून बसलेला माणूस म्हणणारच का काही झालंच नाही, अन् जेवणासाठी बसलेला म्हणणार का पोट भरलं. पिक्चर एकच आहे, दोघं भूक वेगळी घेऊन बसले होते.

'चीनी कम' बद्दल तर अजून पण वाद होतात. आर. बाल्कींचा पहिला पिक्चर, २००७ चा, अमिताभ लंडनमध्ये भारतीय हॉटेलचा शेफ, वय ६४, तब्बू ३४ ची. ती जाफरानी पुलाव परत पाठवते अन् तिथून सुरू होते. पोरीचा बाप परेश रावल, तो जावयापेक्षा लहान, ५८ चा, अन् तो लग्नाला विरोध म्हणून उपोषणाला बसतो. ह्याच्यावर मतं वाचाल तर अर्धे लोक वयावरच अडकलेले दिसतात, कोणी म्हणते काय हे, कोणी म्हणते प्रेमाला वय नसते. दोघांच्याही म्हणण्यातून पिक्चर कसा आहे ते कळत नाही, ते लोक कसे आहेत ते कळते. मला विचाराल तर लंडनमधला अर्धा भाग लय मजेशीर आहे, दोघं एकमेकांना टोमणे मारतात ते ऐकत राहावं वाटते, दिल्लीत आल्यावर तो रेंगाळतो. पण खरं कामाचं मत म्हणजे "त्यात कॅन्सर झालेली लहान पोरगी पण आहे" हे सांगणारं. पिक्चरला सगळे कॉमेडी म्हणतात, अन् घरात नुकतंच कोणाचं आजारपण झालं असेल तर तो भाग जड जातो. असं आधी सांगणारा माणूस भेटला की त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या पिक्चरला पण त्याचंच वाचा.

तसंच 'द हंड्रेड फूट जर्नी', २०१४ चा, त्यात ओम पुरी आहे. मुंबईचं कुटुंब फ्रान्सच्या गावात जाऊन एका नामी फ्रेंच हॉटेलच्या समोरच आपलं हॉटेल टाकते, मधात अंतर फक्त १०० फुटांचं. पोस्टर एकदम गोड आहे, पण सुरुवातीलाच दंगल, आग अन् आईचा मृत्यू आहे. लेकरं सोबत असतील तर पहिली काही मिनिटं जपून.

लेकरांवरून आठवलं, सर्टिफिकेट पाहत जा. आधी यूए, म्हणजे लेकरांनी मोठ्यांसोबत पाहावा असा शिक्का, सगळ्यांना एकच होतं, आता त्यात ७+, १३+, १६+ असे भाग केले आहेत, ओटीटीवर पण सुरुवातीला कोपऱ्यात दिसते. शेफच्या पिक्चरमध्ये मारामारी नसते, पण किचनमध्ये शिव्या फार असतात अन् इंग्रजी पिक्चरमध्ये किसिंग असतेच. आबाजी सोबत बसणार असतील तर १३+ च्या खालीच राहिलेलं बरं, नाहीतर त्या सीनच्या वेळेला सगळ्यांनाच एकदम तहान लागते.

भाषेचं पण पाहा. "सबटायटल लावून पाहा, ओरिजिनलची मजा वेगळी" असं लिहिणाऱ्याला आमची आजी माहीत नाही. हिंदी डबिंग आहे का अन् ते बरं आहे का, हे कोणी सांगितलं असेल तेच वाचा.

अशा पिक्चरात मिशेलिन स्टारवरून रडारड असते अन् घरात कोणीतरी विचारतेच, हा स्टार म्हणजे काय रे भाऊ. तर मिशेलिन ही टायरची कंपनी आहे, फ्रान्सची. लोकांनी गाड्या फिरवाव्या, टायर झिजावे म्हणून १९०० साली त्यांनी प्रवाशांसाठी पुस्तक काढलं, १९२६ पासून चांगल्या हॉटेलांना तारे द्यायला लागले. एक तारा म्हणजे वाटेत आहे तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे खास त्यासाठीच घरून निघा. मला ही मोजपट्टी पिक्चरला लावायला आवडते. टीव्हीवर लागला तर पाहा, ह्याला एक. डाउनलोड करायला तालुक्यापर्यंत जा, ह्याला दोन. मोठ्या बहिणीला माहेरी बोलावून घ्या, ह्याला तीन. तीनवाला क्वचितच सापडतो.

आता पिक्चर संपल्यावर घरच्यांचं मत कसं काढायचं. "कसा वाटला" असं विचारूच नका. सगळे "बरा होता" म्हणून भांडे उचलायला लागतात. नेमकं विचारा. कोणता पदार्थ खावासा वाटला? राग कोणाचा आला? पाणी प्यायला कधी उठले? तिसरा प्रश्न सगळ्यात भारी आहे, कारण जिथं दोन-तीन जण एकदम उठले तिथं पिक्चर पडला, मग समीक्षक काही पण म्हणो. अन् जेवणं आधी उरकून घ्या. उपाशी माणसाला अशा पिक्चरमधलं काहीही आवडते, त्याचं मत धरता येत नाही.

गावात लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारी असेल तर त्याला बोलवाच. शेकड्यानं माणसं जेवू घालणारा, भंडाऱ्याला रोडगे अन् वांग्याची भाजी कढईवर उभं राहून करणारा माणूस जे पाहतो ते आपल्याला दिसत नाही. आमच्याकडचा पहिल्यांदा हेच बोलला, "काहून बे, ह्याला घाम काहून नाही येऊन रायला?" मग म्हणे एवढ्या मोठ्या प्लेटीत एवढुसा भात, पाहुणे उठून जातील. शेफनं केशराच्या काड्या वरून भुरभुरवल्या तर हा खवळला, केशर आधी कोमट दुधात भिजू द्यावं लागते तवा रंग सुटते, असं सुकं टाकणं म्हणजे पैसे मातीत. पण हिरो हाताखालच्या पोरावर ओरडला अन् मग एकट्यानं मागच्या दारात जाऊन बसला, तिथं मात्र तो गप्प झाला अन् म्हणाला, हे खरं आहे. हे मत कोणत्या वेबसाइटवर भेटणार? हेड शेफ, त्याच्याखाली सू शेफ, त्याच्याखाली बाकीचे, ही उतरंड एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच माणसानं बसवली, तो १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात होता, पण आचाऱ्याला ते सांगायला लागलं नाही, त्याच्या टोळीत पण तसंच चालते.

परदेशात हॉटेल लाइनमध्ये कामाला गेलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याचं पण ऐका, थोडं मीठ कमी करून. ते लोक पिक्चर पाहत नाहीत, चुका मोजतात. पण एक गोष्ट ते बरोबर सांगतात, शेफची संध्याकाळ अन् शनिवार-रविवार कामातच जातो, त्यामुळे रोज संध्याकाळी नदीकाठी हिरोइनसोबत फिरणारा शेफ खोटा समजा. फोनचे सीन पण तपासा. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागं असते, उन्हाळ्यात साडेचार. त्यानं रात्री ११ ला हॉटेल बंद करून आईला फोन लावला तर इकडं पहाटेचे साडेतीन-साडेचार झालेले असतात, अन् आई पिक्चरमध्ये काजळ लावून ताजीतवानी बसलेली दिसते.

आपलं मत लिहायचं तर मराठीतच लिहा अन् बोलता तसं लिहा, "नयनरम्य चित्रीकरण" वगैरे राहू द्या. पहिल्या ओळीत कोणासोबत पाहिला ते, मग एक आवडलेलं, एक खटकलेलं, अन् कोणी पाहू नये ते. लय जण "अवश्य पाहा" लिहितात, कोणी पाहू नये हे कोणी लिहीत नाही, अन् कामाचं तेच असते. मोठा सस्पेन्स नसला तरी मधला धक्का फोडू नका. जेवणाबद्दल लिहिताना नुसतं "तोंडाला पाणी सुटलं" लिहून भागत नाही, कोणता पदार्थ ते लिहा, कढई जवळून दाखवली का नुसत्या सजवलेल्या प्लेटी दाखवल्या ते लिहा.

नमुना म्हणून घरात झालेल्या बोलण्यावरून मी असं लिहितो:

"आई, आजी, वहिनी अन् लेकरं मिळून पाहिला, हिंदीत. शेफ अन् त्याच्या मालकिणीचं भांडण लय भारी, वहिनी हसून हसून बेजार. जेवण जवळून दाखवलं आहे, फोडणीचा आवाज पण येतो. मधात हिरोइनच्या जुन्या मित्राचा भाग लांबला, तिथं तिघं उठले. आजीला हिरोचा राग आला कारण तो आईचा फोन उचलत नाही. एक किस आहे, शेवटी. मसाल्याचं खाणाऱ्यानं त्यातल्या जेवणावर जाऊ नये, सावजी खाल्लेल्याला ते सगळं पांचट वाटते. दोन तारे, तालुक्यापर्यंत जायला हरकत नाही."