ग्लॅम रॉक बँडमधील सदस्यबदलांचा तक्ता कसा तयार करावा

ग्लॅम रॉकच्या, म्हणजे १९७०च्या दशकातील झगमगीत वेशभूषेच्या रॉक संगीताच्या, एखाद्या बँडमध्ये कोण केव्हा आले आणि कोण केव्हा गेले, याची नुसती यादी केली तर हाती फारसे काही लागत नाही. म्हणून उभ्या ओळीत वर्षे आणि आडव्या ओळीत गायन, गिटार, बेस, ड्रम असे रकाने असलेला तक्ता आखावा; माणूस बदलला की त्या एकाच रकान्यात नवे नाव लिहावे. १९६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘स्वीट’चा तक्ता असा मांडला की गायक ब्रायन कॉनली, बेसवादक स्टीव्ह प्रीस्ट आणि ड्रमवादक मिक टकर यांचे रकाने १९७९च्या सुरुवातीपर्यंत जसेच्या तसे राहतात, तर गिटारच्या रकान्यात फ्रँक टॉर्पी, मिक स्टुअर्ट आणि १९७०मध्ये आलेला अँडी स्कॉट अशी तीन नावे पहिल्या दोनेक वर्षांतच येऊन जातात.

बँडचे नाव बदलले म्हणजे माणसेही तेव्हाच बदलली, असे गृहीत धरू नये. मार्क बोलनच्या ‘टिरॅनोसॉरस रेक्स’मध्ये स्टीव्ह पेरेग्रिन टूकच्या जागी मिकी फिन १९६९मध्ये आला, ‘टी. रेक्स’ हे आखूड नाव मात्र १९७०चे आहे. या दोन घटनांची नोंद स्वतंत्र ओळींत हवी.

सर्वांत जास्त काळजी ध्वनिमुद्रणाच्या रकान्याची घ्यावी, आणि नेमका तोच बहुतेक तक्त्यांत नसतो. ‘स्वीट’च्या १९७१मधील ‘फनी फनी’ या गाण्यात वाद्ये स्टुडिओतील भाडोत्री वादकांनी वाजवली होती आणि बँडच्या सदस्यांनी केवळ गायन केले होते. तेव्हा मंचावर कोण होते आणि तबकडीवर कोण ऐकू येते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. तबकडीच्या वेष्टनावरील छायाचित्र हा दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा नव्हे.

वाद्यानुसार केलेले रकानेही कधी अपुरे पडतात. १९७३मध्ये ‘रॉक्सी म्युझिक’मधून ब्रायन ईनो बाहेर पडला आणि एडी जॉब्सन आला; परंतु ईनोकडे सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक ध्वनी निर्माण करणारे वाद्य) आणि ध्वनिफितींचे प्रयोग होते, जॉब्सनने कीबोर्डसोबत व्हायोलिन आणले. अशा ठिकाणी ‘त्याच्या जागी हा’ एवढे लिहून भागत नाही, बँडच्या आवाजात काय बदलले तेही शेजारी टिपावे.

बँड फुटल्यानंतरचा भाग किचकट असतो. १९७९मध्ये कॉनली बँड सोडून गेल्यावर उरलेल्या तिघांनी ‘स्वीट’ १९८१पर्यंत चालवला. पुढे मात्र कॉनलीचा एक, स्कॉटचा एक आणि २००८पासून लॉस एंजेलिसमध्ये प्रीस्टचा एक, असे त्याच नावाशी जोडलेले वेगवेगळे संच उभे राहिले. त्यांना एकाच तक्त्यात कोंबू नये. प्रत्येकाला स्वतंत्र तक्ता द्यावा, शीर्षकात तो चालवणाऱ्या मूळ सदस्याचे नाव घालावे आणि १९८१च्या ओळीखाली ठळक रेघ मारून नवे तक्ते तेथूनच सुरू करावेत.